शेतातली जनावरं आणि आपले तीन ऋतू : बालवाडीच्या मुलांना कसं दाखवावं?

रानजाई | १८ एप्रिल, सकाळी १०.२०

बाजारात ऋतूंचे जे तक्ते मिळतात त्यांत चार चौकोन असतात. एकात फुलं, एकात ऊन, एकात पिवळी पानगळ आणि चौथ्यात बर्फ. बर्फात लोकरीने गुबगुबीत झालेली मेंढी. मालाड-मुलुंडच्या मुलाने यातलं ऊन सोडलं तर काहीच पाहिलेलं नसतं आणि जो पावसाळा त्याच्या अंगावर चार महिने पडतो, तो तक्त्यात नसतोच.

जनावरांचंही तसंच. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो. गायीचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू. हे पाठ होतं आणि तिथेच थांबतं. तीच म्हैस जुलैत काय खाते आणि एप्रिलमध्ये काय खाते, हे मुलाला हाताने चाचपता आलं तर ऋतू वेगळा शिकवावा लागणार नाही, असं मला वाटतं.

वय ३ ते ६, वर्गात वीसेक मुलं, एका वेळी ३०-४० मिनिटं, जागा मुंबईतली म्हणजे बेताची. जूनपासूनचा वर्षाचा आराखडा हवा आहे. सामान काय, किती, मुंबईत कुठे मिळतं आणि काय फसतं, असं नेमकं लिहावं ही विनंती.

कडबाकुट्टी | १८ एप्रिल, दुपारी १.०५

सुरुवात गव्हाणीपासून करा. जनावराच्या पुढ्यात काय पडलंय ते बघितलं की महिना सांगता येतो.

जून ते ऑक्टोबर हिरवं गवत. भात कापून झोडपलं की, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेंढा. ठाणे-पालघरच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवरचं गवतही दिवाळीच्या आगेमागे कापून वाळवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटावर रब्बीची ज्वारी निघते, तिचा कडबा, म्हणजे वाळलेली धाटं. एप्रिल-मेमध्ये नवं काही येत नाही, गंजीत रचलेलं पुरवून पुरवून घालायचं. ही चार चित्रं मुलाच्या लक्षात राहतात कारण चारही वस्तूंचा रंग, वास आणि आवाज वेगळा आहे. कडबा मोडताना काटकन वाजतो, पेंढा नुसता सळसळतो.

मुंबईत मिळवायचं कसं? पेंढा आत्ताच गोळा करा, कारण हापूसच्या पेट्यांत तोच भरलेला असतो. फळवाल्याकडे रोज फेकायला निघतो. फक्त आंब्याचा रस लागलेला घेऊ नका, त्याला मुंग्या लागतात आणि बुरशी धरते. दोन दिवस उन्हात वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधलात तर जूनच्या दमटपणात आठवड्यात कुबट होईल. गव्हाचा कोंडा गिरणीत मिळतो. सरकी पेंड आणि कडबा तबेल्यांना चारा पुरवणाऱ्याकडे; वर्गाला कडब्याच्या चार धाटांच्या वर लागत नाही. हिरवं गवत जुलैत कुठेही.

आता मापं. दुभत्या म्हशीला दिवसाला साधारण २० ते २५ किलो हिरवा चारा, ५-६ किलो सुका आणि वर पेंड-भुसा लागतो. पाणी उन्हाळ्यात ६० लिटरच्या घरात किंवा त्याहून जास्त. "साठ लिटर" हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. पाण्याचे २० लिटरचे जार असतात ना, ते तीन रिकामे जार ओळीत उभे करा. शेजारी मुलाची पाण्याची बाटली ठेवा. बोलायची गरजच पडत नाही. एक किलो पेंढ्याचाही भारा बांधून बघा, तो वजनाला हलका पण मुलाच्या मिठीत मावत नाही एवढा होतो.

गोठाघर | १८ एप्रिल, रात्री ९.४०

कडबाकुट्टी यांच्या चाऱ्याला मी कातडीची जोड देतो. ऋतू जनावराच्या कातडीवर आणि श्वासावर दिसतो.

म्हैस : रंग काळा, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा बऱ्याच कमी. त्यामुळे ऊन चढलं की तिला आतून थंड होता येत नाही, बाहेरून पाणी-चिखल लागतो. ती डुंबते ती हौसेने नव्हे. चिखलाचा थर ओला असेपर्यंत अंग थंड ठेवतो आणि वाळल्यावर माशा-गोमाशांना अडवतो.

देशी गाय : वशिंड, गळ्याखाली लोंबणारी सैल कातडी, अंगावर आखूड चकचकीत केस. घाम येतो, त्यामुळे ऊन म्हशीपेक्षा चांगलं सोसते. डांगी जात तर इगतपुरी आणि नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या धो-धो पावसात राहणारी. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पाणी अंगावर टिकत नाही.

कोंबडी : घाम अजिबात नाही. मेमध्ये चोच उघडी टाकून धापा टाकते आणि पंख अंगापासून लांब धरते. या धापांमुळे तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारा कॅल्शियम कार्बोनेट नीट बनत नाही, म्हणून उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ येतं.

शेळी : तिचा वैरी पाऊस. भिजली की आजारी पडते आणि चिखलात खुरांच्या बेचक्यात कुजतं. म्हणून पावसाच्या मुलखात शेळ्यांना जमिनीपासून उंच फळ्यांचा माच करतात. फटींतून लेंड्या-मूत खाली पडतं आणि पाय कोरडे राहतात.

म्हैस आणि शेळी शेजारी ठेवून शिकवा. एकच चिखल, एकीला हवा आणि दुसरीला नको. लहान मुलांना ही जोडी फार आवडते.

शाळापाटी | १९ एप्रिल, सकाळी ८.१५

गोठाघर यांच्या जोडीवर चार ओळी, वर्गात हातवारे करून म्हणायला :

आला पाऊस, चिखल झाला,
शेळी म्हणते, "नको मला!"
म्हैस म्हणते, "ये की जरा,
चिखल माझा पंखा बरा!"

"नको मला"ला पाय उचलून झटकायचा, "पंखा बरा"ला जमिनीवर बसून डुलायचं.

याच्याच पाठोपाठ चिखलाचा प्रयोग करा. कुंडीतली चाळलेली माती दोन वाट्या आणि पाऊण वाटी पाणी, श्रीखंडासारखं दाट. प्रत्येक मुलाच्या एका हाताला कोपरापासून मनगटापर्यंत बोटाने पातळ थर द्यायचा, दुसरा हात कोरडा. पंख्याखाली पाच मिनिटं बसायचं आणि कुठला हात गार ते विचारायचं. थर जाड झाला तर मूल कंटाळतं, खत घातलेली माती घेतली तर खाज येते. हाताला खरचटलं असेल त्या मुलाला चिखल लावू नका, त्याला ओलं फडकं गुंडाळा.

गोठाघर | १९ एप्रिल, सकाळी ११.३०

प्रयोग उत्तम. पण पंखा विसरू नका, सगळी मदार त्याच्यावर आहे. मुंबईत मे महिन्यात हवाच इतकी ओली असते की चिखलातलं पाणी फार हळू उडतं आणि दोन्ही हात जवळजवळ सारखेच लागतात. हाच प्रयोग डिसेंबर-जानेवारीत कोरडी हवा असताना केलात तर पंख्याशिवायही हात गार पडतो. दोन्ही वेळा करा. मुलांना हवेतला दमटपणा तसा दिसत नाही, इथे तो हातावर कळतो.

पिंपळपार | १९ एप्रिल, दुपारी ४.५०

तीन ऋतू कशाला, आपले सहा आहेत. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. परंपरेने आलेलं सोडून उन्हाळा-पावसाळा-हिवाळा एवढ्यावरच का थांबायचं?

आकडेमोड | १९ एप्रिल, संध्याकाळी ७.१०

पिंपळपार, सहा ऋतूंची नावं कानावर जरूर पडू देत, पण वर्गासाठी महिन्यांचं फिरतं चाक करायचं तर त्यावर तीनच ठेवा. चार वर्षांच्या मुलाला शरद आणि हेमंत यांत मुंबईत राहून फरक दाखवता येत नाही. पहिलीनंतर प्रत्येक ऋतूचे दोन भाग केले की सहा होतात, मोडतोड करावी लागत नाही.

चाक असं करा. वह्यांच्या पाठीला असतो तसा दीड-दोन मिलीमीटरचा घट्ट पुठ्ठा घ्या. खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको, तो पावसाळ्यात वाकतो. खालची चकती ३० सेंटिमीटर व्यासाची, वरची २८. खालच्या चकतीचे १२ भाग, प्रत्येकी ३० अंश. चार-चार महिन्यांना एक रंग : जून-सप्टेंबर हिरवा, ऑक्टोबर-जानेवारी पेंढ्याचा पिवळा, फेब्रुवारी-मे विटकरी. हवामान खात्याच्या सरासरीने मुंबईत पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो, त्यामुळे हिरवा रंग बरोबर बसतो. सुरुवात जानेवारीपासून नको, जूनपासून करा. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, शेताचं वर्ष तिथून चालू होतं आणि शाळेचंही.

वरच्या चकतीला मध्यापासून ४ ते १३ सेंटिमीटरपर्यंत एका महिन्याची खिडकी कापा. खिडकीत वर जनावर, खाली चारा. मध्ये दोन पायांची पितळी पिन.

नेहमी फसतं ते मधलं भोक. कात्रीच्या टोकाने पाडलं की ते लंबगोल होतं आणि फिरवताना खिडकी महिन्यावरून सरकते. कंपासच्या टोकाने टोचा आणि पेन्सिल फिरवत मोठं करा. दोन चकत्यांच्या मध्ये दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकची दोन इंचाची गोल चकती घाला म्हणजे चाक अडत नाही. लॅमिनेशन करणार असाल तर कडेला ५ मिलीमीटर समास सोडून कापा, अगदी कडेवरून कापलं तर जुलैत आत ओल शिरते.

सण चाकावर छापू नका. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला होता, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला; २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. सणांची चित्रं कपड्याच्या चिमट्याला चिकटवा आणि त्या त्या वर्षी योग्य महिन्यावर लावा.

शाळापाटी | १९ एप्रिल, रात्री ८.००

चिकटवायला घरी खळ करणाऱ्यांसाठी : जुन्या पद्धतीत खळीला बुरशी येऊ नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या हातात जाणार असेल तर मोरचूद अजिबात नको, ते विषारी आहे. साधी मैद्याची खळ करा, दोन दिवसांत संपवा, उरली तर फेकून द्या.

उंबरठा | २० एप्रिल, सकाळी ९.००

प्रत्यक्ष दाखवायचं तर मुंबईत जागा कुठल्या? गोरेगावची आरे कॉलनी सोडून काही आहे का? आणि कधी जावं?

कडबाकुट्टी | २० एप्रिल, सकाळी १०.४५

आरे आहेच. शहरातले तबेले एका जागी हलवायला १९४९ साली ती वसवली, म्हशींसाठी तीच. गाय बघायची तर भुलेश्वरचा पांजरापोळ. १८३४ पासून ऐन वस्तीत आहे. दोन्हीकडे आधी विचारून, परवानगी घेऊन, दहा-बारा मुलांपेक्षा मोठा घोळका न करता जा.

वेळ फार महत्त्वाची. धारेच्या वेळी जाऊ नका. तबेल्यात धार दोनदा निघते, एकदा मध्यरात्रीनंतर आणि एकदा दुपारी. नेमकी वेळ त्या तबेल्यात विचारा. अनोळखी माणसं, आरडाओरडा झाला की म्हैस पान्हा चोरते आणि तबेलेवाल्याचं नुकसान होतं. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जनावरं खाऊन बसलेली असतात आणि रवंथ करतात. तेव्हा जा.

तिथे मुलांना एकच काम द्या, रवंथ मोजणं. बसलेल्या म्हशीच्या गळ्याकडे बघायचं. घास खालून वर येताना गळ्याच्या कातडीखालून एक गोळा सरकताना स्पष्ट दिसतो. तो आला की जबडा फिरायला लागतो, वर-खाली नव्हे, आडवा. साधारण सेकंदाला एकदा. चाळीस ते साठ वेळा चावून झालं की जबडा क्षणभर थांबतो, गोळा खाली जातो आणि दोन-चार सेकंदांत दुसरा वर येतो. पाच वर्षांची मुलं वीसपर्यंत मोजतात, पुढे मोठ्यांनी मोजावं. तबेलेवाल्याने ओठ उचलून दाखवला तर वरच्या बाजूला पुढचे दातच नाहीत हेही दिसतं, नुसती कडक हिरडी असते. मुलं त्यानंतर घरी प्रत्येकाचे दात तपासतात.

गोठाघर | २० एप्रिल, दुपारी २.२०

ऋतूबद्दल भर. जोराच्या पावसात तबेल्यात नेऊ नका. जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो आणि मुलांच्या पायाला काही ना काही खरचटलेलं असतंच. पहिली भेट ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस थांबलेला पण गवत अजून हिरवं असताना. दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याच तबेल्यात. दोन्ही वेळी गव्हाणीचा फोटो एकाच कोनातून काढा आणि वर्गात शेजारी लावा.

शेपटीच्या बाजूला उभं राहायचं नाही, डोक्याकडून, मालक जवळ असतानाच. कच्चं दूध द्यायचं नाही. परतताना साबण-पाण्याने हात धुवायचे, शेण लागलेल्या हाताला सॅनिटायझर पुरत नाही. चपला घरात नेण्याआधी धुवायच्या.

आणि चारा घालण्याबद्दल कळकळीने सांगतो. गायीला पोळ्या, भात, लाडू, गूळ घालण्याची मुंबईत पद्धत आहे. एक माणूस एक पोळी घालतो, पण दिवसभरात पन्नास माणसं येतात. पीठ-साखर एकदम पोटात गेली की पोटाच्या पहिल्या कप्प्यात आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतं, पोट फुगतं आणि जनावर दगावूही शकतं. मुलांच्या हाताने घालायचं तर गवताची पेंढी घाला. पहिल्या पावसातलं कोवळं लुसलुशीत गवतही उपाशी पोटी भरपूर खाल्लं तर पोटफुगी-हगवण होते. शेतकरी जूनमध्ये आधी सुका चारा टाकून मग चरायला सोडतो तो त्यामुळे.

रानजाई | २० एप्रिल, संध्याकाळी ६.३०

गवताच्या पेंढीचं बरं सांगितलंत. डब्यातली पोळी काढून देऊ का, असं मुलं विचारतातच.

कोंबडीबद्दल कुणी लिहील का? आणि एका पालकांना घरी अंडं उबवून दाखवायचं आहे, बल्बच्या उबेत. जमेल?

खुडूक | २० एप्रिल, रात्री १०.१५

दुकानातलं अंडं उबत नाही. अंड्यांच्या फार्मवर कोंबडे ठेवतच नाहीत, त्यामुळे त्या अंड्यात पिल्लू धरलेलंच नसतं. बल्बखाली एकवीस दिवस ठेवलंत तर ते सडेल आणि फुटलं तर घर सोडावं लागेल इतका वास येईल. मुलांना तर तीन आठवडे वाट बघायला लावलेली असते. रस्त्यावर विकायला येणारी रंगवलेली पिल्लंही आणू नका. इतक्या लहान पिल्लांना सतत ऊब लागते, ती न मिळाल्याने बहुतेक पिल्लं थोड्याच दिवसांत मरतात.

मुलांना सांगण्यासारखं हे : गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. म्हणजे अंडी देणं बंद, खाणं कमी, अंग फुगवून अंड्यांवर बसून राहणं. जवळ गेलं की टोचते. एकवीस दिवसांनी पिल्लं. बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात. कॅलेंडरवर २१ घरं रंगवत न्या, रोज एक, आणि शेवटच्या घरात कापसाचं पिल्लू चिकटवा. खरं अंडं न उबवताही वाट बघणं कळतं.

ऋतूचा भाग : कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. भरपूर अंडी यायची तर १४ ते १६ तास उजेड हवा. मुंबईत डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, जूनमधला मोठा सव्वातेरा तासांचा. म्हणून गावठी कोंबड्या थंडीत कमी अंडी देतात आणि फार्मवर संध्याकाळनंतर दिवे लावतात.

घरी करायचा प्रयोग आता मेमध्ये : एकाच खोक्यातली दोन ताजी अंडी. एकावर फुली करून फ्रिजमध्ये, दुसरं ओट्यावर. आठ दिवसांनी दोन्ही पाण्याच्या खोल भांड्यात सोडा. फ्रिजमधलं आडवं बसतं, बाहेरचं बोथट टोक वर करून तिरकं होतं किंवा उभं राहतं, कारण बाहेरच्या उबेत कवचाच्या छिद्रांतून ओल उडून आतली हवेची पोकळी मोठी होते.  बाहेर ठेवलेलं अंडं नंतर खायचं नाही.

माळरान | २१ एप्रिल, सकाळी ९.३०

मेंढीचं पहिल्या नोंदीत आलं म्हणून लिहितो. आपली मेंढी बर्फातली नाही, दख्खनी आहे. काळपट, उंच पायांची, लोकर खरबरीत. ती ऋतू बघून चालते. धनगर आपले कळप माणदेशासारख्या कोरड्या मुलखातून दिवाळीनंतर खाली कोकणात उतरवतात, कारण तिकडे चारा संपत आलेला असतो आणि इकडे भात निघालेलं असतं. रिकाम्या खाचरात रात्री मेंढ्या बसवतात, शेताला लेंडीखत मिळतं आणि धनगराला धान्य. मेच्या शेवटाला परत घाट चढायचा, कोकणचा पाऊस मेंढीला सोसत नाही. हिवाळ्यात रायगडकडे गाडीने जाणाऱ्या मुलाला हे कळप दिसतात. त्याला विचारा, कळप कुठे चाललाय, घाटाकडे की समुद्राकडे? उत्तरावरून महिना ओळखता येतो.

वर्गात दाखवायला खऱ्या घोंगडीचा वीतभर तुकडा मिळवा, तेवढाच सुती कपडा घ्या. ड्रॉपरने दोन्हींवर दहा-दहा थेंब टाका. सुती कपडा लगेच पितो, घोंगडीवर थेंब मोत्यासारखे उभे राहतात, झटकले की जातात. मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर का घेतो ते तिथेच कळतं. मात्र नवीन घोंगडीला बऱ्याचदा चिंचोक्याची खळ असते. धुवून वाळवलेला तुकडा घ्या, नाहीतर खळीमुळे पाणी वेगळं वागतं. बाजारातल्या यंत्रावरच्या ॲक्रिलिक शालीवर हा प्रयोग करू नका.

शाडू | २१ एप्रिल, दुपारी १२.४०

बैल राहिला. पोळा श्रावणी अमावास्येला (सातारा-सांगली-कोल्हापूरकडे त्याआधी बेंदूर). नांगरणी-पेरणी उरकलेली असते, बैलाला विश्रांती. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी : जू घासून कडक झालेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात मुलं लाकडी बैल मिरवतात. मुंबईत आपण मातीचे करू.

सोय अशी की पोळ्यानंतर चार-पाच दिवसांत गणपती, त्यामुळे शाडू तेव्हा सगळीकडे मिळते. दर मुलामागे २०० ग्रॅम धरा, वीस मुलांना ४ किलो आणि वर एक किलो.

पाय वेगळे चिकटवायचे नाहीत, सगळ्यांचे तुटतात ते तिथेच. १२ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर जाड वळकटी करा. दोन्ही टोकांना आइस्क्रीमच्या काडीने ३ सेंटिमीटर उभी चीर द्या. चिरलेली टोकं खाली वाकवा, वळकटी पुलासारखी उभी राहते आणि चार पाय आपोआप होतात. वाकवताना वरून अंगठ्याने दाब देऊ नका, पाठीला भेग पडते. पाठीवर चिमटीने वर ओढून वशिंड काढा. डोकं सुपारीएवढ्या गोळ्याचं : दोन्ही जागा काडीने खरवडा, पातळ शाडूचा लेप लावा आणि दाबून बसवा. गुळगुळीत जागेवर चिकटवलेलं डोकं वाळल्यावर टपकन पडतं. शिंगंही मातीचीच, आखूड; खराट्याचे हीर खोचू नका, माती आकसते आणि हिराभोवती तडकते, शिवाय डोळ्याला धोका.

वाळवणं सावलीत, वर्तमानपत्रावर, पंख्याखाली, रोज कागद बदलून आणि बैल आडवा-उभा फिरवून. ऑगस्टच्या हवेत सात-आठ दिवस लागतात. उन्हात ठेवला तर बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो आणि पायाच्या बेचक्यात चिरतो. गालाला लावून बघा : गार लागला म्हणजे आत अजून ओल आहे. तेव्हाच गेरू लावला तर पोपडे निघतात. म्हणून पोळ्याच्या निदान दहा दिवस आधी सुरू करा.

पिंपळपार | २१ एप्रिल, संध्याकाळी ५.०५

आकडेमोड यांचं म्हणणं पटलं, तीन ठीक. माझ्याकडून एक पक्षी : गायबगळा. म्हशींच्या पायाशी फिरतो, त्यांनी उडवलेले किडे टिपतो. हिवाळ्यात पूर्ण पांढरा. मेपासून पावसाळ्यात डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते, विणीचा रंग. आरेच्या रस्त्यावरून जाता-येता बसमधूनही दिसतो. पाच-सहा गायबगळे कागदाचे कापून चाकाशेजारी लावा. ज्याला पहिला नारिंगी बगळा दिसेल त्याने एकाला रंग द्यायचा.

शाळापाटी | २२ एप्रिल, सकाळी ८.३०

वर्गात चारा उगवायचा असेल तर मका. पाव किलो धान्याचा मका रात्रभर भिजवा, निथळून ओल्या फडक्यात एक दिवस बांधा, मोड दिसले की तळाला भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये दाण्यांचा बोटभर थर पसरा. दिवसातून तीन-चार वेळा पाण्याचा फवारा. आठ-नऊ दिवसांत वीतभर हिरवा गालिचा होतो, खालून मुळांची चटई. गुलाबी-लाल रंगाचं बियाणं घेऊ नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. फुटलेले दाणे निवडून काढा, बुरशी तिथून सुरू होते.

जुलैत आणि जानेवारीत एकेकदा करा आणि पट्टीने रोजची उंची भिंतीवरच्या कागदावर मांडा.

रानजाई | २२ एप्रिल, सकाळी १०.००

शाळापाटी, पावसाळ्यात ट्रेवर पांढरं जाळं आलं तर ती बुरशी की मुळं, हे कसं ओळखायचं? आणि तो चारा तबेल्यात नेऊन घालता येईल का?

गोठाघर | २२ एप्रिल, सकाळी ११.१५

मुळांची बारीक लव दाण्यापासून निघते, फवारा मारला की अंगाला चिकटून दिसेनाशी होते आणि वास ओल्या गवताचा येतो. बुरशी दोन-तीन दाण्यांवर कापसासारखी पसरते, फवाऱ्यानंतरही तशीच दिसते, पुढे राखाडी-हिरवी होते आणि वास आंबूस. ती दिसली तर अख्खा ट्रे टाकून द्या, वरचं हिरवं कापूनही जनावराला घालू नका. बुरशीचं विष मुळांच्या चटईत असतं. ट्रे ब्लीच टाकलेल्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा आणि पुढच्या वेळी थर अर्ध्या बोटाचा घेऊन ट्रे पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. स्वच्छ निघालेला चारा तबेलेवाल्याला आधी दाखवा, त्याने हो म्हटलं तर मुठी-मुठीने सुक्या चाऱ्यात मिसळून घाला.